मागची खोली

पत्र तिच्या नावानं आलं, करणी माझी होती.
एक सिनेमा, तोही अर्ध्यात सोडलेला,
आणि हॅम्बुर्गच्या वकिलानं नऊशे युरो मागितले
हेडरून फोग्टकडे,
कारण इंटरनेट तिच्या नावावर,
मी नुसता मागच्या खोलीतला भाडेकरू.

ती ओरडली नाही.
पाकीट दिव्यासमोर धरून
आधी त्याची चिकटवलेली कड पाहिली.
सवय, म्हणाली.
मग: दरमहा शंभर देत जा, लेनार्ट.
आणि मटाराचं सूप वाढलं.

मी म्हटलं, व्हीपीएन घेऊ. म्हणजे बोगदा.
शिरायचं इथून, लाइप्झिगमधून,
निघायचं भलतीकडेच,
आपला पत्ता दिसत नाही कोणाला.

"आणि बोगद्याच्या मालकाला?"

सूप गार होईस्तोवर मी गप्प.

तिला हवाच होता बोगदा.
भावाच्या, आइकेच्या, चौसष्ट टेपा:
कोळशाच्या खाणीनं गिळण्याआधीचं गाव,
बदकांचा गलका, चर्चची फुटकी घंटा,
कोण्या एल्फ्रीडच्या हातपंपाची कुरकुर.
गाव पांगलं. कोणी ब्रेमेनला, कोणी पार ओस्लोत.
आता ते एकमेकांच्या संगणकांतून
तुकड्या-तुकड्यानं गाव देतात-घेतात,
मधे ना दुकान, ना दुकानदार.
गुन्हा काहीच नाही त्यात.
"पण रात्री दोनला कोण कुठला हातपंप ऐकतंय
हे कोणाच्या वहीत कशाला?"

आठवडाभर कंपन्या चाळल्या, बटाटे सोलता सोलता.
फुकटवाली पहिल्याच दिवशी गेली.
(भाडं आपणच भरतो तिथंही, पावती तेवढी मिळत नाही.)
एकीनं लिहिलं होतं, लष्करी दर्जाची सुरक्षा.
लष्कर म्हणताच तिनं पान बंद केलं.
एक म्हणे, आम्ही नोंदी ठेवत नाही.
"म्हणायला काय जातं. झडती घेतलीय कोणी?"
शेवटी एक निघाली, जिच्याकडे पोलीस
कोर्टाचा हुकूम घेऊन गेले होते
आणि हात हलवत परतले होते.
द्यायला काही नव्हतंच.

तिथं ती थांबली. चष्मा पुसत राहिली, बराच वेळ.

टपाल कचेरीत पत्रं निवडायला होती, बहात्तरपासून,
एवढं मला ठाऊक होतं.
तिथल्या मागच्या खोलीचं नव्हतं.
आत दुसऱ्या खात्याची माणसं, किटली, वाफ,
वाफेवर सुटणारा डिंक.
मी आत कधी गेले नाही, म्हणाली,
फक्त टोपली दारापर्यंत न्यायची.
फक्त, असं पुन्हा एकदा म्हणाली, माझ्याकडे न बघता.
"त्यांनी सगळं लिहून ठेवलं, पोरा.
लिहिलं म्हणून सापडलं.
माझ्या आईची पत्रंसुद्धा."

दुधानं पोळलेलं तोंड ताक फुंकतं.
वाफेनं पोळलेल्या हाताचं काय, ते मी पाहिलं:
बोगदा मधेच कोसळला तर?
मी ती कळ दाखवली, बोगदा तुटताच सगळंच थांबवणारी.
तिनं तीनदा तोडून पाहिला.
तीनदा बदकं अर्ध्या ओरडण्यात थांबली.
"बरंय," म्हणाली.

मग वर्षाचे पैसे, रोख, पाकिटातून.
सोबत एक लांबलचक आकडा, नाव नाही.
पाकिटाला तिनं डिंक लावला, वर आणखी एक हात,
चमच्याच्या पाठीनं कड दाबली.
मी म्हटलं, यांच्यावरही विश्वासच ठेवायचा ना शेवटी?
"ठेवायचाच. एका हातातला दुसऱ्या हातात, एवढंच.
तो हात तरी बघून घ्यायचा."

रात्री पडद्यावर आम्ही आइसलँडमध्ये होतो.
ती उठून स्वेटर घालून आली, हसू दाबत.
कुठून तरी कोणी तरी
चौदावी टेप उतरवत होतं. सतरा टक्के. एकोणीस.
"एल्फ्रीडची मुलगी असेल," ती म्हणाली,
आणि लगेच,
"नको, नको कळायला."